देठ बघा, मग भाव विचारा

निकाल आधी सांगते. टोमॅटो, मका आणि पालेभाजीसाठी हा छोटा शेतकरी बाजार जरूर गाठावा, अंड्यांसाठी तो उघडता उघडता गाठावा, आणि मधाच्या टेबलापाशी जे ऐकाल त्यातलं निम्मं सोडून द्यावं. आठवड्याची सगळी यादी इथेच पुरी होईल असं धरून आलात, तर मात्र अर्धी पिशवी रिकामी राहील.

माझी नजर थोडी खवट आहे, हेही सांगून टाकते. एका मोठ्या दुकानसाखळीच्या गोदामात मी बरीच वर्षं भाजी-फळांचा माल तपासून घ्यायचं काम केलं. पहाटे गाडी लागली की क्रेट उघडायचे, मालाच्या पोटात तापमापक खुपसायचा, आकार आणि रंग ठरलेल्या तक्त्याशी ताडून बघायचे, बसला नाही तर गाडी परत. त्या तक्त्यात चवीचा रकाना होता तो काही मोजक्या फळांपुरता, आणि तोही फक्त साखर मोजायला. त्यामुळे सवय अशी लागली की भाजी समोर आली की आधी देठ बघायचा. देठ खोटं बोलत नाही. कापलेलं टोक ओलसर आणि फिकट असेल तर माल कालचा किंवा आजचा. तपकिरी, सुरकुतलेलं असेल तर वरून कितीही पाणी मारा, त्याचं वय झालेलं असतं.

बाजार म्हणजे शाळेच्या पटांगणात आठवड्यातून एक सकाळ मांडलेली पंधरा-सोळा टेबलं. भरवणारी मंडळी स्वयंसेवक आहेत. दारातच पाटी आहे: ‘इथे विकणारा स्वतः पिकवणारा आहे.’ अशा बाजाराचा सगळा जीव या एका ओळीत असतो. 1907 साली सिॲटलमध्ये पाइक प्लेस बाजार सुरू झाला तो कांद्याचे भाव भडकल्यावर, मधल्या व्यापाऱ्यांना वगळून पिकवणारा आणि खाणारा समोरासमोर यावेत म्हणून. 1976 साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीनमार्केट उभं राहिलं तेव्हाही अट हीच होती, की पिकवलं असेल तेच विका. अट ऐकायला सोपी आहे, पाळायला महाकठीण. कारण पाऊस बिघडला, कीड पडली की टेबल रिकामं दिसतं, आणि रिकामं टेबल घेऊन बसायला कुणालाच आवडत नाही.

म्हणून मी कुठेही गेले तरी आधी काही न घेता एक फेरी मारते. या फेरीत एक टेबल खटकलं. काकडी, टोमॅटो, गाजर, सफरचंद, कांदा, सगळं एकाच माणसाकडे, आणि सगळं एकाच मापाचं. सफरचंदांवर बारीक गोल चिकट डाग होते. स्टिकर काढल्यावर राहतात तसे. टेबलाच्या कापडाखाली छापील खोके. मी सहज विचारलं, “दादा, सफरचंद कधी तोडली?” तर म्हणाले, “एकदम ताजी आहेत, खाऊन बघा.” हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. प्राणवायू कमी केलेल्या शीतगृहात सफरचंद कित्येक महिने टिकतं आणि तरी कुरकुरीत लागतं, त्यामुळे खाऊन बघून मला काय कळणार? घाऊक बाजारातून आणून विकणं हा काही गुन्हा नाही. पण मग दारावर ती पाटी नको.

आता टोमॅटो, कारण यासाठीच मी पुन्हा येणार आहे. दुकानात येणारा टोमॅटो बहुतेक वेळा हिरवा असताना, किंवा टोकाला जेमतेम गुलाबी छटा आली की तोडतात. प्रवासात चेपू नये म्हणून. पुढे इथिलीन वायू देऊन तो पिकवतात. रंग छान चढतो, पण वेलीवर राहून जे भरायचं ते भरायचं राहून जातं. त्यात 12 अंश सेल्सिअसच्या खालच्या गारव्यात काही दिवस काढले की त्याचा वासही मरतो. (घरीही टोमॅटो फ्रिजमध्ये टाकू नका. पिकून मऊ पडायला लागला तरच, आणि तोही एखाद-दोन दिवस.) इथल्या एका ताईंनी दोन टोपल्या वेगळ्या मांडल्या होत्या. “या आज-उद्या संपवायच्या, आणि या दोन-तीन दिवस राहतील,” असं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगत होत्या. टोमॅटो वेडेवाकडे होते आणि बऱ्याचशांच्या देठापाशी गोल तडे गेलेले. मी तड्यांकडे बोट केलं तर म्हणाल्या, “मध्ये रान कोरडं पडलं होतं हो, मग एकदम पाऊस आला. आतलं फुगलं, साल पुरली नाही.” अगदी बरोबर. गोदामात असते तर अख्खी टोपली नापास केली असती. इथे दोन किलो घेतले, तडा सुकलेला बघून. ओला तडा असेल, त्यावर बुरशीची पांढुरकी झाक असेल तर मात्र घेऊ नका.

आता मका, आणि त्याआधी एक कुरकुर गिऱ्हाइकांबद्दलही. कणसावरची पानं खालपर्यंत सोलून, दाणे बघून, कणीस परत ढिगात टाकणाऱ्यांनो, तुम्ही ते वाळायला सोडून देता. सोलायची गरजच नसते. पानांवरून बोटं फिरवली की दाणे भरलेत की नाही ते लागतं. टोकाचे केस तपकिरी आणि किंचित चिकट असले की कणीस तयार असतं. काळे पडून भुगा होत असतील तर जुनं. प्रत्येक केस एकेका दाण्यापर्यंत जातो, त्यामुळे केसांचा दाट झुपका हे चांगलं लक्षण. तोडल्या क्षणापासून कणसातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते, आणि उन्हात ठेवलं की ते फार भराभर होतं. हल्लीची जास्त गोडीची वाणं जरा दम धरतात. इथले काका कणसं ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतात आणि लागतील तशी थोडी थोडी बाहेर काढतात. जाता जाता म्हणाले, “घरी गेल्या गेल्या उकडा, ताई. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर पानांसकट ठेवा.” विकणाऱ्यानं इतकं सांगितलं की मी त्याच्याकडून घेतेच.

पालेभाजीची कथा टेबलाटेबलाला वेगळी. सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवलेला पालक बाजार संपेपर्यंत ताठ होता. शेजारच्या टेबलावर उन्हात मांडलेली तीच भाजी तासाभरात मान टाकून बसली. हा दोष शेतीचा नव्हे, मांडणीचा. पानं तोडल्यावरही श्वास घेत राहतात आणि पाणी सोडत राहतात, ऊन लागलं की दोन्ही वाढतं. आयोजकांनी सावलीची टेबलं आधी पालेभाजीवाल्यांना दिली तर निम्मा प्रश्न मिटेल. सध्या सगळ्यात दाट सावली मिळाली आहे मधवाल्यांना आणि बटाटेवाल्यांना. बटाट्यांना सावली हवीच म्हणा, उजेडात ते हिरवे पडतात आणि तो हिरवेपणा आला की सोबत सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं. पण एक पोतं वरून पांघरलं तर बटाट्याचं काम भागतं.

गाजरं पाल्यासकट होती. पाला टवटवीत, म्हणजे गाजर नुकतं उपटलेलं. घरी आल्यावर पाला लगेच पिरगळून तोडून टाका, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो आणि गाजर वाकायला लागतं. पालक खोल भांड्यात दोनदा धुवा. इथल्या पालकाला माती खूप आहे. मला त्याचा राग नाही, फक्त वेळ हाताशी ठेवा.

अंडी चांगली आहेत, पण ठेवण्याची पद्धत वाईट. विकणारा तरुण मुलगा मनापासून बोलतो. प्रत्येक ट्रेवर पेन्सिलनं तारीख लिहिलेली, अंडी न धुतलेली. न धुतलेली यात घाण वाटण्यासारखं काही नाही. अंड्याच्या कवचावर निसर्गतःच एक पातळ थर असतो, तो आत जंतू शिरू देत नाही; धुतलं की तो जातो. म्हणूनच युरोपीय संघात दुकानात जाणारी पहिल्या प्रतीची अंडी धुवायला मनाई आहे, आणि अमेरिकेत उलट धुतात, पण मग ती गारच ठेवावी लागतात. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती तिसरी: ट्रे सकाळभर उन्हात ठेवणं. मी त्याला सांगितलं, त्यानं ट्रे टेबलाखाली सरकवले, आणि माझी पाठ वळल्यावर पुन्हा वर आले असावेत, कारण परत जाताना ते वरच दिसले. शिवाय “बलक केशरी, म्हणजे ताकद जास्त” हे त्याचं पालुपद. बलकाचा रंग कोंबडीच्या खाण्यातल्या रंगद्रव्यावर ठरतो. मोकळी फिरून हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद होतो हे खरं. पण खुराड्यातल्या कोंबडीलाही तसलं खाद्य घातलं की बलक तितकाच गडद होतो. रंगावरून कोंबडी कुठे फिरली ते सांगता येत नाही.

आणि मध. इथे मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले आणि काहीही न घेता निघाले. मध वाईट होता म्हणून नव्हे, त्याच्याभोवतीच्या जादूच्या प्रयोगांमुळे. पाण्याच्या ग्लासात थेंब सोडून दाखवायचा, मधात बुडवलेली काडी पेटवून दाखवायची, आणि “बघा, शुद्ध!” म्हणायचं. या प्रयोगांतून फार तर मध किती दाट आहे, त्यात पाणी किती आहे, याचा अंदाज येतो. दाट साखरेचा पाकही दोन्ही परीक्षांत पास होईल. खरी भेसळ प्रयोगशाळेतच पकडता येते, आणि तिथेही सहज नाही. त्याहून वाईट वाटलं ते बरण्यांची एक रांग मागे लपवलेली बघून. त्या मधात खडे धरले होते, आणि विक्रेते स्वतःच ओशाळून सांगत होते, “तो नका घेऊ, तो जमलाय.” अहो, मधातलं ग्लुकोज स्फटिक होऊन खाली बसतं, हा मधाचा स्वभाव आहे! कुठल्या फुलांचा मध, त्यात ग्लुकोज किती, यावर तो लवकर जमतो की उशिरा ते ठरतं. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. उकळत्या पाण्यात ठेवू नये. पुढच्या वेळी मी मागच्या रांगेतलीच बरणी मागणार आहे. बरण्यांवर एक सूचना मात्र तातडीनं छापायला हवी: एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू मोठ्यांच्या पोटात काही करत नाहीत, तान्ह्या बाळाला मात्र गंभीर आजार देऊ शकतात.

‘शंभर टक्के सेंद्रिय’ अशा पाट्या चार-पाच ठिकाणी होत्या. पाटी वाचून मी काही ठरवत नाही, एकच प्रश्न विचारते: कीड पडली की काय करता? एकांनी सांगितलं, “आमच्याकडे पडतच नाही.” तिथून मी पुढे सरकले. एक मावशी पाटी न लावता बसल्या होत्या. म्हणाल्या, “कोबीवर एकदा मारलं औषध, गड्डा धरायच्या आधी. त्यानंतर हातानं अळ्या वेचल्या. तुम्हाला अजिबात न मारलेलं हवं असेल तर ही कोथिंबीर घ्या.” मी कोबी आणि कोथिंबीर दोन्ही घेतलं. सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही हे मला मान्य आहे. अमेरिकेच्या नियमांत तर जमिनीवर 36 महिने वर्ज्य रसायनं पडलेली नसावी लागतात, आणि त्याचा कागदही ठेवावा लागतो. पण प्रमाणपत्राला पर्याय आहे. शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची शेतं तपासायची आणि एकमेकांची हमी घ्यायची, अशी सहभागी हमीची पद्धत बऱ्याच देशांत चालते. पंधरा-सोळा टेबलांच्या बाजाराला ती सहज जमावी.

भावाबद्दल फार बोलत नाही. काही दुकानापेक्षा वर, काही खाली, आणि हंगाम भरात आला की खाली. काटे चांगले होते, फक्त दोन टेबलांवर त्यांचं तोंड विकणाऱ्याकडे होतं. वळवायला सांगितलं तर लगेच वळवले. सुटे पैसे आणि स्वतःच्या पिशव्या न्या. शेवटच्या अर्ध्या तासात भाव उतरतात, पण तोवर मका आणि चांगले टोमॅटो संपलेले असतात.

निघताना आयोजकांपैकी एका काकांना गाठून त्या खोकेवाल्या टेबलाबद्दल सांगितलं. त्यांना माहीत होतं. “माणसं कमी पडतात, टेबल रिकामं ठेवलं तर गिऱ्हाईक येत नाही,” म्हणाले. मी त्यांना कॅलिफोर्नियातल्या पद्धतीबद्दल सांगितलं. तिथल्या प्रमाणित शेतकरी बाजारांत प्रत्येक शेतकऱ्याला आपण काय काय पिकवतो त्याचा सरकारी दाखला टेबलावर लावावा लागतो, आणि दाखल्यात नसलेला माल आपला म्हणून विकता येत नाही. इथे सरकारी दाखला नको, एक हाती लिहिलेला पुठ्ठा पुरे: शेत कुठे, काय लावलंय, आज काय तोडून आणलंय. आणि बाहेरून आणलेला माल असेल तर त्यावर तसं स्पष्ट लिहायचं. काका म्हणाले, “पुढच्या बैठकीत मांडतो.”

सध्या पाचपैकी साडेतीन. पुठ्ठे लागले की चार, आणि अंडी सावलीत गेली की साडेचार.