ब्रूक्स बी-१७: सीट नवी, मापे मात्र जुन्या सीटची

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या टूरिंग सायकलीला ब्रूक्सची बी-१७ ही चामड्याची सीट बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळेसह तिची पूजाही झाली. आता दहा महिने होत आले. पुण्यातले रोजचे कर्वेनगर ते पाषाण, रविवारचे खडकवासला, पानशेत किंवा सिंहगडाचा पायथा आणि साडेतेरा तासांची मुदत असलेल्या २०० किलोमीटरच्या दोन ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या), असे मिळून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर मी तिच्यावर बसलो आहे. सीट बदलणाऱ्याला जांघेतल्या फोडांची जी भीती असते, ती मी प्रत्यक्ष भोगली आहे, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहितो आहे.

ब्रूक्सची स्थापना १८६६ मध्ये बर्मिंगहॅममध्ये झाली आणि बी-१७ शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ त्याच स्वरूपात बनते आहे. पोलादी सांगाड्यावर जाड चामड्याचा एक तुकडा पुढून-मागून रिव्हेट मारून, नवारीच्या खाटेसारखा ताणून बसवलेला असतो. आत फोम किंवा जेल काही नसते. रुंदी १७५ मिलिमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. हाताने दाबून पाहिली तर ती पाटासारखी कडक लागते आणि दुकानात बरेच लोक याच क्षणी ती परत ठेवतात.

वास्तविक लांबच्या प्रवासात मऊपणाच घात करतो. आपला भार नितंबांखालच्या दोन हाडांनी पेलायचा असतो. मऊ जेलमध्ये ही हाडे खाली रुततात, त्यांच्यामधला फुगलेला भाग वर येऊन नाजूक जागेवर दाब देतो आणि तासाभराने तेथे बधिरपणा येतो. पुढे घाम, दाब आणि प्रत्येक पॅडलबरोबर होणारे घर्षण एकत्र आले की कातडी सोलवटते, केसांच्या मुळांशी जंतुसंसर्ग होतो आणि केसतूड उठते. बी-१७ चे चामडे हाडांच्या जागी हळूहळू दबून तेथे दोन उथळ खळगे तयार होतात, मधला भाग मात्र वर फुगत नाही. माझ्या बाबतीत हे खळगे दिसू लागायला सहाशे-सातशे किलोमीटर लागले.

आता माझ्या चुकीबद्दल. सीटपोस्टवर, म्हणजे सीट जिच्यावर बसते त्या नळीवर, उंचीची खूण म्हणून मी पूर्वीच चिकटपट्टी लावली होती. नवी सीट बसवताना पोस्ट त्याच खुणेवर ठेवली आणि काम झाले असे समजलो. ऑक्टोबरच्या उन्हात तिसऱ्याच आठवड्यात कात्रजमार्गे शिरवळला जाऊन आलो. परतीच्या वाटेवर उजव्या बाजूला चुरचुर सुरू झाली, दुसऱ्या दिवशी तेथे दुखरी गाठ होती आणि आठवड्याने बसणेही अशक्य झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी गाठ न फोडता कोमट पाण्याचा शेक, गरज होती म्हणून औषध आणि पूर्ण बरे होईपर्यंत सायकल बंद असे सांगितले. ताप आला असता किंवा लाली पसरली असती तर लगेच परत यायला बजावले होते. माझे सतरा दिवस घरी गेले.

कारण सापडले ते आमच्या भागातल्या एका लहान दुकानात. तिथल्या मेकॅनिकने सायकल पाहिली आणि म्हणाला, “सर, ही खूण जुन्या सीटची आहे. नवी सीट रेलपासून किती उंच आहे ते मोजलंत का?” रेल म्हणजे सीटखालच्या, पोस्टला आवळल्या जाणाऱ्या सळ्या. मोजली तेव्हा जुन्या सीटशी फरक १४ मिलिमीटर निघाला. म्हणजे पोस्ट जागच्या जागी असूनही मी १४ मिलिमीटर उंच बसत होतो. पाय खालपर्यंत पुरावा म्हणून प्रत्येक फेरीत कंबर डावी-उजवीकडे झुकत होती आणि तेवढ्या झुकण्याने कातडी घासत होती. म्हणून सीट बदलण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे आणि नव्या सीटवर तेच अंतर साधावे. पोस्टवरच्या खुणेवर विसंबू नये.

मागे-पुढे करतानाही हीच सावधगिरी हवी. दोन सीटांची टोके एकाच रेषेत आणून उपयोग नाही, कारण लांबी वेगळी असते. सीटचा जो रुंद भाग आपल्याला पेलतो, त्याचे हँडलपासूनचे अंतर जुळवावे. बी-१७ च्या रेलचा सरळ भाग आखूड असल्याने ती फार मागे सरकत नाही आणि काहींना त्यासाठी मागे झुकलेला सीटपोस्ट घ्यावा लागतो. सीट किती कलती ठेवायची याबाबत मी आधी पाणसळ लावून सीट अगदी समतल ठेवली, पण चामडे मध्ये थोडे खोल असल्याने मी सतत पुढे घसरत राहिलो आणि तळहात दुखू लागले. टोक अगदी किंचित वर केल्यावर शरीर मागच्या रुंद भागावर स्थिर झाले. हा बदल एका वेळी एकच आणि थोडाच करावा, नाहीतर कशाने बरे वाटले हे कळत नाही.

रुंदी घरीच पाहता येते. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवून, किंचित पुढे झुकून त्यावर बसावे आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर मोजावे. माझे १२८ मिलिमीटर भरले. सीट त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर तरी रुंद हवी आणि आपण जितके ताठ बसतो तितकी ती अधिक रुंद लागते. बी-१७ ही ताठ बसणाऱ्यांचीच सीट आहे. हँडल सीटच्या पातळीला किंवा वर असेल तर ती उत्तम, खाली वाकून रेस करणाऱ्याने मात्र ती घेऊ नये; मांड्या कडेला घासतील.

गाठ बरी झाल्यावर मी पुन्हा पंधरा किलोमीटरपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला थोडे वाढवले. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पॅडलवर उभा राहतो. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालत नाही, कारण त्याच्या शिवणी टोचतात. घरी आल्यावर चहाच्या आधी अंघोळ, आणि शॉर्ट्स धुतल्याशिवाय दुसऱ्यांदा घालायची नाही. पावसाळ्यात पुण्यात पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून तीन जोड असलेले बरे. लांबच्या दिवशी शॅमी क्रीम, म्हणजे घर्षण कमी करणारे मलम, लावतो. तेथले केस काढणे मात्र बंद केले आहे.

सीटच्या निगेसाठी कंपनीचे प्रूफाइड नावाचे मेणचट मलम मी आजवर मोजून तीन वेळा वापरले. ते अधिक लावल्यास चामडे सैल पडते. खरी अडचण आपल्या पावसाची आहे. चामडे भिजलेले असताना त्यावर बसले तर ते कायमचे ताणले जाते, आणि वरून आवरण घातले तरी मागच्या चाकाचे पाणी खालून उडतेच, त्यामुळे मडगार्ड आवश्यक आहे. भिजलीच तर सावलीत, हवेवर वाळवावी. हीटर किंवा कडक ऊन नको. ज्यांना जून ते सप्टेंबर रोज सायकल चालवायची आहे त्यांनी त्याच कंपनीची कॅम्बियम सी-१७ पाहावी. ती रबर आणि सुती कापडाची आहे, पाण्याला दाद देत नाही, मात्र चामड्यासारखी अंगाच्या आकारानुसार घडत नाही.

किंमत साध्या नव्या सायकलीच्या जवळ जाणारी आहे आणि तरीही मी ती पुन्हा घेईन. दुसऱ्या ब्रेव्हेत खंबाटकी घाट चढून-उतरून रात्री घरी पोहोचलो तेव्हा पाय आणि खांदे दुखत होते, बसायची जागा नाही. पुढच्या बोल्टने चामडे ताणून घेण्याची गरज अजून पडलेली नाही, सोबत मिळालेला पाना पिशवीत तसाच आहे.