नवा जवारी की शीतगृहातला आग्रा?

दसऱ्याच्या सुमारास बेळगावच्या बाजारात बटाट्याचे दोन ढीग शेजारी लागतात. एक खरिपाचा नवा जवारी, म्हणजे इथला गावरान, लाल मातीत माखलेला. दुसरा आग्र्याकडचा, शीतगृहातून आलेला जुना ‘आग्रा’, थोराड नि गुळगुळीत. जवारीची साल नखानं खरवडली तरी निघते. अंगात पाणी जास्त, त्यामुळं रश्शात फोडी मोडत नाहीत. वड्याचं सारण मात्र चिकट होतं. तिथं जुनाच बरा, कुस्करला की मोकळा.

काचऱ्यांना आग्रा लगेच घेऊ नका की! गारठ्यात स्टार्चची साखर होते. तेलात पडताच काचरी तपकिरी, वर गोडसर. माझा एक घाणा तसाच गेला. दोनेक आठवडे टोपलीत उघडा, अंधारात ठेवला तर गोडी बरीच उतरते. पुरीबरोबरच्या पिवळ्या भाजीला? जवारी, डोळे झाकून.