सायक्लिकटेस्ट की पर्फ शेड?

लिनक्स कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) शेड्युलिंगचा विलंब, म्हणजे कामाला प्रोसेसर मिळायला होणारा उशीर, मोजण्यासाठी यांपैकी कोणते साधन घ्यावे, असे एका सहकाऱ्याने विचारले. दोन्ही मोफत असल्यामुळे खर्चाचा मुद्दा उरत नाही. नेमके काय मोजले जाते आणि त्यासाठी किती खटाटोप करावा लागतो, एवढेच पाहायचे.

सायक्लिकटेस्ट स्वतःचा थ्रेड (प्रोग्रॅममधील कामाचा एक धागा) ठरावीक वेळ झोपवते आणि तो ठरल्या क्षणापेक्षा किती मायक्रोसेकंद उशिरा जागा झाला ते नोंदवते. टायमर, इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) आणि शेड्युलर (प्रोसेसर कोणाला द्यायचा हे ठरवणारा भाग) या सगळ्यांचा उशीर त्यात एकत्र येतो; मात्र तुमच्या प्रोग्रॅमबद्दल ते अवाक्षर काढत नाही. डिस्क, नेटवर्क आणि प्रोसेसरवर भार टाकून चाचणी काही तास चालवली, तरच ‘मॅक्स’च्या, म्हणजे सर्वाधिक उशिराच्या, आकड्याला अर्थ येतो, सरासरीकडे तर मी पाहतही नाही.

पर्फ शेड खऱ्या टास्कवर (यंत्रावर चालू असलेल्या कामांवर) नजर ठेवते. टास्कला जागे केल्यापासून प्रोसेसर मिळेपर्यंतचा वेळ ते टास्कनिहाय दाखवते, पण इंटरप्ट बंद असल्याने जागे करणेच लांबले असेल, तर तो उशीर यात दिसत नाही. प्रत्येक कॉन्टेक्स्ट स्विचची (प्रोसेसर एका टास्ककडून दुसऱ्याकडे जाण्याची) नोंद होत असल्याने गजबजलेल्या सर्व्हरवर फाइल झपाट्याने फुगते, म्हणून नोंद काही सेकंदांपुरतीच घ्यावी.

प्रीएम्प्ट-आरटी (कर्नलला वेळेच्या मर्यादेत प्रतिसाद देता यावा यासाठीची सोय), जे २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आले, ते वापरून यंत्र वेळेची मर्यादा पाळेल का हे तपासणाऱ्याने सायक्लिकटेस्ट घ्यावे. चालू सर्व्हरवर एखादी सेवा प्रोसेसरसाठी कुठे ताटकळते हे शोधणाऱ्याला पर्फ शेडच उपयोगी पडेल.