ब्लॅक सॅबथची 'हेवन अँड हेल' एलपी: गायक बदलला तेव्हा

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडने गायक ऑझी ऑस्बोर्नला १९७९ मध्ये काढलं आणि १९८० साली नवा गायक रॉनी जेम्स डिओसोबत हा अल्बम आला. आठ गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. ऑझी बहुतेकदा गिटारवादक टोनी आयोमीच्या रिफचीच, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीचीच, चाल धरायचा. डिओ रिफ सोडून तिच्यावरून गातो. शीर्षकगीताच्या कडव्यात गिटार मागे सरते, गीझर बटलरची बास गिटार एकटी धावते आणि डिओचा आवाज मोकळा सुटतो. काय जागा आहे ती!

म्हणून नव्या गायकाला त्याच्यासाठी बांधलेल्या गाण्यांवर जोखावं. आयर्न मेडन या दुसऱ्या ब्रिटिश मेटल बँडमध्ये ब्रूस डिकिन्सनच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीचा आवाज डिकिन्सनपेक्षा खालचा, तरी मैफलीत जुनी गाणी मूळ पट्टीतच. वरचे सूर ताणले गेले, खापर त्याच्यावर फुटलं. पट्टी उतरवायला हवी होती.

नागपुरात एलपी मागवायची तर उन्हाळ्याआधीच. मे महिन्यात ४५ अंशांत, उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत तबकडी वाकते. मग सुई हेलकावते, सूर डळमळतो. घरी उभीच ठेवा, पण कूलरसमोर नको, दमट हवेने कव्हरला बुरशी धरते. अल्बम मात्र नक्की घ्या.