जुन्या व्हिक्टोरियन फरशीला ‘सील’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

इंग्लंडमध्ये जुनं व्हिक्टोरियन टेरेस घर (म्हणजे भिंतीला भिंत लागून रांगेत बांधलेलं घर) घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. आमच्या लेस्टरच्या घरातल्या हॉलवेची फरशी ‘साफ करून, सील करून (म्हणजे वरून संरक्षक थर मारून), नव्यासारखी करून देतो’ असं सांगून एका कंत्राटदाराने आम्हाला गंडा घातला. १,९०० पौंड गेले. पैशांपेक्षा जास्त जिव्हारी लागलंय ते फरशीचं नुकसान, कारण त्यातलं काही आता कुणालाच भरून काढता येणार नाही. ओळखीतल्या आणखी एका कुटुंबाला जवळजवळ हाच अनुभव आला, तेव्हा ठरवलं की सगळं सविस्तर मांडायचं.

आधी ही फरशी काय चीज आहे ते सांगते, कारण ते माहीत असेल तर असल्या माणसाचं खोटं पहिल्या पाच मिनिटांत पकडता येतं. मुख्य दार उघडलं की जिन्यापर्यंत जाणारी अरुंद वाट, तिच्यावर लाल, काळे, बदामी, चॉकलेटी रंगांचे छोटे चौकोन आणि त्रिकोण, आणि मधे मधे नक्षीच्या फरशा. या नक्षीच्या फरशांना एन्कॉस्टिक म्हणतात. त्यांची नक्षी वरून रंगवलेली नसते. ओल्या मातीवर साच्याने खोलगट ठसा उठवायचा, त्यात वेगळ्या रंगाची पातळ माती ओतायची, ती आवळली की वरचा थर खरवडून सपाट करायचा आणि मग भट्टीत भाजायचं. सॅम्युअल राइट यांनी १८३० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि स्टोकच्या हर्बर्ट मिंटन यांनी ती नावारूपाला आणली. पुढे १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी कोरडी माती दाबून वस्तू घडवण्याचं पेटंट घेतलं. त्या पद्धतीने छोटे रंगीत तुकडे झपाट्याने बनू लागले आणि चर्चमधली फरशी साध्या घरांच्या हॉलवेत आली.

आमच्याकडे दाराजवळची एक फरशी सैल होती. उलटी करून पाहिली तर मागे ठसा होता: ‘मॉ अँड कंपनी, बेन्थॉल वर्क्स, ब्रोसली’. ही कंपनी १८८३ मध्ये जॅकफील्ड गावातल्या मोठ्या कारखान्यात गेली, म्हणजे आमची फरशी त्याच्याही आधी बनलेली. मुंबईच्या वाचकांनी कुलाब्याच्या अफगाण चर्चमधली रंगीत फरशी पाहिली असेल. तीही त्या काळात इंग्लंडहूनच आणलेली.

आता मुद्द्याचं. या फरशीवर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसतं, आणि तिच्याखाली आजच्यासारखा प्लॅस्टिकचा पडदा नसतो. खाली चुन्याचा किंवा जुन्या सिमेंटचा थर, त्याखाली राबिट आणि थेट जमीन. जमिनीतली ओल वर चढत राहते आणि सांध्यांतून, मातीच्या अंगातून हळूहळू उडून जाते. दीडशे वर्षं हे असंच चाललंय आणि फरशी शाबूत आहे. वरून कुणी न श्वसणारा थर मारला की त्या ओलीची वाट बंद होते. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

तो माणूस दारात पत्रक टाकून गेला होता. बोलावल्यावर लगेच आला. बोलायला गोड, बूट बाहेर काढून ठेवले, घराचं कौतुक केलं. मग खिशातून दोन टोकदार सुयांचं ओलमापक काढलं, फरशीच्या सांध्यात टेकवलं आणि लाल पट्टीत गेलेला आकडा माझ्या नवऱ्याला दाखवला. म्हणाला, ‘ही ओल आत्ता बंद केली नाही, तर येत्या हिवाळ्यात सगळ्या टाइल्स उखडतील.’ हे मापक मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं. मातीच्या फरशीत क्षार असतात आणि क्षारांमुळे आकडा फुगतो. जुन्या घराच्या कुठल्याही हॉलवेत ते टेकवा, बहुधा लालच दाखवेल. भीती घालायला मात्र ते यंत्र फार सोयीचं आहे.

पुढचं नेहमीचंच. मशीन शेजारच्याच रस्त्यावर आलंय, आज होकार दिलात तर ३०० पौंड कमी. अर्धी रक्कम रोख आगाऊ. कोटेशन एका पानाचं, त्यावर ‘डीप क्लीन, रिस्टोअर, सील, दहा वर्षांची गॅरंटी’ एवढंच. कोणतं सीलर, कोणत्या कंपनीचं, किती दिवस वाळवणार, यातलं काही नाही. करार रद्द करण्याच्या हक्काबद्दलही अवाक्षर नाही. इथे २०१३ च्या नियमांप्रमाणे, घरी येऊन केलेला असा करार १४ दिवसांत रद्द करायचा हक्क ग्राहकाला असतो, आणि तो लेखी कळवणं व्यावसायिकावर बंधनकारक आहे. त्याने कळवला नाही तर ही मुदत आणखी बारा महिन्यांपर्यंत लांबू शकते. कोटेशनवर याचा उल्लेख नसेल तर तिथेच समजून घ्या की समोरचा माणूस सरळ नाही.

कामाच्या दिवशी त्यांनी दार उघडं ठेवून फरशीवर ॲसिड ओतलं. विटांवरचं वाळलेलं सिमेंट काढायला वापरतात ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. डबा मी नंतर व्हॅनजवळ पाहिला. फरशी फसफसली, डोळे चुरचुरले, आणि दाराच्या पितळी पत्रपेटीवर संध्याकाळपर्यंत हिरवट डाग आले. फसफसत होता तो मळ नव्हता. सांध्यातला आणि खालचा चुना विरघळत होता. चुन्यावर हे ॲसिड पडलं की विरघळणारे क्लोराइड क्षार तयार होतात, ते फरशीत मुरतात आणि पुढे वर्षानुवर्षं बाहेर येत राहतात.

त्यानंतर डायमंड पॅडचं घासायचं मशीन फिरवलं. भट्टीत भाजताना या फरशांच्या पृष्ठभागावर एक कठीण, दाट कातडी तयार होते. तिच्यामुळेच त्या इतकी वर्षं टिकतात. घासून ती काढली की आतली सच्छिद्र माती उघडी पडते. नक्षीचा थर तर काही मिलिमीटरचाच असतो. दाराच्या समोरच्या, आधीच थोड्या झिजलेल्या दोन फरशांवरच्या पाकळ्यांच्या कडा त्या दिवशी पुसट झाल्या. मी मशीन थांबवायला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘सीलर लागलं की उठून दिसेल.’

मग भरपूर पाण्याने धुणं. रात्रभर एक गरम हवेचा पंखा. दुसऱ्या दिवशी सकाळी रोलरने चकचकीत ॲक्रिलिकचे दोन हात. पाण्याने भिजलेली जुनी फरशी एका रात्रीत वरवर वाळलेली दिसते, आत ती ओलीच असते. नीट काम करणारा माणूस धुण्यानंतर कितीतरी दिवस, थंडीत तर आठवडे, थांबतो आणि मगच पुढचा विचार करतो. धुणं आणि सील करणं लागोपाठच्या दोन दिवसांत उरकतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

त्या दिवशी फरशी दिसत मात्र सुंदर होती. लाल रंग लाललाल, काळा काळाभोर. उरलेले पैसे आम्ही बँकेतून पाठवले.

हिवाळा लागता लागता दाराजवळ थराच्या खाली दुधी ढग दिसायला लागले. तेव्हा सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. एकदा फरशी पुसता पुसता त्यांनी मला हाक मारली, ‘अगं, हे काय सुटतंय बघ.’ त्यांच्या फडक्याला लॅमिनेशनच्या प्लॅस्टिकसारखा पारदर्शक पापुद्रा चिकटून आला होता, आणि त्याच्या खालच्या बाजूला पांढरी पूड. बोटाने चोळली तर खरखरीत. फरशीला लोणा चढला होता. पापुद्रा निघाला तिथे लाल फरशीचा पृष्ठभागही कणाकणाने सुटत होता, कारण क्षारांचे स्फटिक थराखाली अडकून मातीच्या आतच वाढत होते.

फोन केला. आधी म्हणाला, घरात कपडे वाळवता त्याचं बाष्प आहे. मग म्हणाला, तुम्ही चुकीचं फ्लोअर क्लीनर वापरलंत, त्यामुळे गॅरंटी लागू नाही. शेवटी १२० पौंड रोख घेऊन आला आणि त्याच पापुद्र्यांवर आणखी एक हात मारून गेला. तो हात पंधरवडाही टिकला नाही. त्यानंतर त्याने हात वर केले. फोन लागेना, संदेशांना उत्तर नाही.

मग चर्चच्या फरशांची दुरुस्ती करणारे एक वयस्कर कारागीर आम्हाला मिळाले. त्यांनी सुयांचं मापक काढलंच नाही. मागच्या बाजूला, जिथे थर बसला नव्हता, तिथे प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवायला सांगितला. उचलला तेव्हा खालून थेंब थेंब साचलेले. ही चाचणी कुणीही घरी करू शकतं, खर्च काही नाही, आणि तिच्यावरून कळतं की या जमिनीवर बंद थर मारायचा नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली, आणि ती ऐकून आम्ही सुन्न झालो. जिन्याखालच्या कपाटातही हीच फरशी होती, कुणाचे पाय न लागलेली, अगदी कोरी. कंत्राटदार म्हणाला होता की हॉलवेतले फुटके तुकडे बदलायला तिथल्या फरशा वापरू. ही पद्धत योग्यच आहे, चांगले लोकही तसंच करतात. पण त्याने तिथून अख्खा नक्षीचा पट्टा काढला, त्यातले जेमतेम तुकडे पुढे वापरले आणि बाकीच्या फरशा गायब. त्यांच्या जागी बाजारातल्या छापील टाइल्स बसवून वर व्हॅक्यूम क्लीनर आणि खोकी जशीच्या तशी ठेवून गेला. जुन्या एन्कॉस्टिक फरशा सॅल्व्हेज यार्डात (जुन्या घरांचं सामान विकणाऱ्या वखारीत) नगावर विकल्या जातात, त्यांना चांगला भाव येतो. फरक ओळखायचा तर कडा बघा. खऱ्या फरशीच्या तुटक्या कडेवर नक्षीचा रंग आत उतरलेला दिसतो. छापील टाइलचं अंग एकाच रंगाचं असतं आणि नक्षी फक्त वरच्या चकचकीत थरात. काम सुरू करण्यापूर्वी जिन्याखालचे, पायपुसण्याखालचे, मीटरच्या कपाटातले कोपरे फोटो काढून ठेवा. घर घेतानाचे आमचे फोटो होते, म्हणून आज आमच्या हातात पुरावा आहे.

सध्या काम असं चाललंय: ॲक्रिलिकचा थर स्ट्रिपरने थोडा थोडा सोडवायचा, कमीत कमी पाणी, निघालेला राडा लगेच वेट व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. क्षार वर आले की कोरड्या ब्रशने झाडायचे. धुवायचे नाहीत, धुतले की ते विरघळून पुन्हा आत जातात. सीलर काहीच नाही. हिवाळे-उन्हाळे जाऊ देऊन फरशी शांत झाली तर श्वास घेऊ देणारं, आत मुरणारं सीलर लावायचं की नुसतं मेण, ते तेव्हा बघू. पुसट झालेल्या नक्षीच्या फरशा तशाच राहतील. हव्याच असतील तर नव्या एन्कॉस्टिक आजही जॅकफील्डमध्ये बनतात, ब्रिटिश संसदेच्या मिंटन फरशांच्या दुरुस्तीसाठीही तिथेच बनल्या. पण त्या आमच्या घराच्या नव्हेत.

पैशांबद्दल. १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या कामाची थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डने दिली असेल, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. कार्ड चालत नाही, रोख द्या, असं म्हणणाऱ्याला हेच टाळायचं असतं. काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने करायची जबाबदारी २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टने त्याच्यावर टाकलीय. त्याच्या आधारे आम्ही नोटीस पाठवली, सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (फसव्या व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे) तक्रार नोंदवली आणि स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावलाय. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय चालवता येतात.

दहा वर्षांची गॅरंटी देणारी कंपनी किती जुनी आहे, हे कंपनीज हाऊसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर फुकट दिसतं. आमच्या कंत्राटदाराची कंपनी वर्षाचीही नव्हती, आणि त्याच संचालकाच्या नावावर आधीची एक बंद झालेली कंपनी होती. या लोकांची युक्ती अशी की तक्रारी वाढल्या की कंपनी रजिस्टरमधून काढून टाकायचा अर्ज करायचा आणि नवीन नावाने पुन्हा पत्रकं वाटायची. कंपनीच गेली की दावा लावायचा कुणावर? म्हणून भांडण सुरू झाल्याबरोबर त्या कंपनीच्या पानावर ‘फॉलो’ करून ठेवा, प्रत्येक नोंदीची ईमेल येते. आम्हाला तशीच ईमेल आली: कंपनी बंद करण्याचा अर्ज. गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) सूचना छापल्यापासून साधारण दोन महिने हरकत घेता येते, ऑनलाइन, फी नाही. आम्ही नोटिशीची प्रत, फोटो आणि दाव्याचे कागद जोडून हरकत नोंदवली आणि बंद करण्याची प्रक्रिया तूर्त थांबली आहे. तुमच्यापैकी कुणाचं अशाच कुणाशी भांडण चालू असेल तर आजच त्याच्या कंपनीचं पान उघडून ती सूचना आली आहे का ते बघा.