विंडोजची असिंक सॉकेट लायब्ररी लिनक्सवर: ईपोल, आयओ-युरिंग की तयार लायब्ररी?

विंडोजवरची असिंक सॉकेट लायब्ररी (थांबून न राहता नेटवर्कवर डेटा पाठवणारी-घेणारी) लिनक्सवर नेण्याचा, म्हणजे पोर्टिंगचा, विषय निघाला की 'सगळ्यात वेगवान काय?' हा प्रश्न लगेच येतो. त्याआधी एक गोष्ट तपासा: तुमच्या लायब्ररीने वरच्या, म्हणजे तिला वापरणाऱ्या, कोडला नेमकं काय कबूल केलं आहे?

विंडोजच्या आयओसीपीत (आय/ओ कंप्लीशन पोर्ट) तुम्ही बफर, म्हणजे डेटासाठीचा मेमरीचा तुकडा, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) हवाली करता आणि काम उरकल्यावर पोर्टवर निरोप येतो. लिनक्सचा ईपोल फक्त सांगतो की या सॉकेटवर आता वाचता येईल. वाचायचं तुमचं तुम्ही. एकाकडून 'झालं' कळतं, दुसऱ्याकडून 'करता येईल'. पोर्टिंगमधली बहुतेक दुखणी याच फरकातून निघतात.

लिहिण्याचं उदाहरण घ्या. वरच्या कोडने ६४ केबी पाठवायला दिले. आयओसीपीवर एक डब्ल्यूएसए-सेंड (विंडोजचा पाठवण्याचा कॉल), आणि साधारणपणे सगळं गेल्यावर एकच निरोप. लिनक्सवर नॉन-ब्लॉकिंग (थांबून न राहणारा) सेंड २० केबी घेऊन परत येऊ शकतो. उरलेले ४४ केबी तुम्हीच प्रत्येक कनेक्शनच्या रांगेत ठेवायचे, ईपोल-आउटसाठी ('आता लिहिता येईल' या घटनेसाठी) नोंद करायची, सॉकेट मोकळा झाला की पुढे ढकलायचे, मधे ई-अगेन ('आत्ता जमत नाही' हा एरर) आला तर पुन्हा थांबायचं. शेवटचा बाइट कर्नलने घेतला की मगच वरच्याला 'झालं' सांगायचं, आणि रांग रिकामी होताच ईपोल-आउटची नोंद काढायची. नाहीतर लेव्हल-ट्रिगर्ड मोडमध्ये (लिहिता येतंय तोवर ईपोल पुन्हा पुन्हा कळवतो) लूप अखंड जागा राहून सीपीयू खात बसतो. हा थर एकदा नीट लिहिला की वरच्या कोडला हात लावावा लागत नाही. म्हणून बाहेरचा इंटरफेस 'झालं' याच पद्धतीचा ठेवावा आणि नक्कल आत लपवावी, असं माझं ठाम मत आहे.

ईपोलचा एक फायदा विंडोजवरून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आयओसीपीत प्रत्येक प्रलंबित रीडमागे एक बफर अडकून पडतो. दहा हजार निवांत कनेक्शनं, प्रत्येकी ४ केबी, म्हणजे सुमारे ४० एमबी नुसते वाट बघत. ते टाळायला विंडोजवर शून्य बाइटांच्या रीडची युक्ती वापरतात. ईपोलवर डेटा आल्यावरच बफर घेता येतो.

थ्रेडचं गणित मात्र नव्याने मांडावं लागतं. आयओसीपीत अनेक थ्रेड एकाच पोर्टवर थांबतात आणि किती चालू ठेवायचे ते कर्नल सांभाळतो. एकाच ईपोलवर अनेक थ्रेड बसवले तर एका सॉकेटची घटना दोघांच्या हाती पडू शकते. ईपोल-वनशॉट (एकदा कळवून गप्प होणारी नोंद) लावून दरवेळी पुन्हा नोंद करणं हा एक उपाय. मला प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ईपोल आणि स्वतःची कनेक्शनं देणं जास्त पटतं. लॉक कमी लागतात आणि बग शोधणं सोपं जातं.

आयओ-युरिंग ही लिनक्सची 'झालं' पद्धतीची सोय. ते २०१९ साली ५.१ कर्नलमध्ये आलं, आणि आयओसीपीचा कोड त्यावर जवळपास जसाच्या तसा बसतो. बफर देऊन ठेवायचा, निरोप येईपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं, रद्द केलं तरी शेवटचा निरोप आल्याशिवाय मेमरी सोडायची नाही. ही शिस्त विंडोजच्या कोडमध्ये आधीच असते. पण सॉकेटसाठी उपयोगाच्या बऱ्याच सोयी नंतर आल्या: ॲक्सेप्ट ५.५ मध्ये, सेंड-रिसीव्ह ५.६ मध्ये, मल्टिशॉट रिसीव्ह (एकाच विनंतीवर अनेकदा वाचणारं) ६.० मध्ये. शिवाय सुरक्षेच्या कारणाने ते अनेक ठिकाणी बंद असतं. गुगलने २०२३ मध्ये आपल्या सर्व्हरवर त्याच्या वापरावर मर्यादा घातली, आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या नव्या आवृत्त्यांचं डीफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइल (सिस्टम कॉल गाळणारी नियमावली) त्याचे सिस्टम कॉल अडवतं. तुमची लायब्ररी इतरांच्या मशीनवर चालणार असेल तर ईपोलचा पर्याय लिहावाच लागेल. मग आधी तोच लिहा. सर्व्हर आणि कर्नल दोन्ही तुमच्या ताब्यात असतील तरच थेट आयओ-युरिंगवर जा.

तयार लायब्ररीचा विचार टाळू नका. सी++मधल्या बूस्ट एसिओचा इंटरफेस मुळातच 'झालं' पद्धतीचा आहे: विंडोजवर आत आयओसीपी, लिनक्सवर ईपोल, आणि बूस्ट १.७८ पासून मागितलं तर आयओ-युरिंग. अनेक थ्रेड एकाच कॉन्टेक्स्टवर (एसिओच्या घटना-लूपवर) चालतात, त्यामुळे जुन्या रचनेशी जुळतं. सी भाषेत असाल तर नोड-जेएसमागची लिबयूव्ही आहे. पण तिचा लूप एका थ्रेडचा. दुसऱ्या थ्रेडवरून फक्त यूव्ही-असिंक-सेंड (लूपला जागं करणारा कॉल) सुरक्षित. अनेक थ्रेडवर उभ्या असलेल्या कोडला हे जड जातं. लायब्ररी फक्त तुमच्याच प्रकल्पात वापरात असेल, तर स्वतःचा थर लिहिण्यापेक्षा एसिओ घ्या.

मार्ग कोणताही निवडा, स्वतः कोड लिहिणार असाल तर काही गोष्टी चुपचाप घात करतात. समोरच्याने कनेक्शन बंद केल्यावर लिहिलं तर सिगपाइप हा सिग्नल येऊन अख्खी प्रक्रिया मरते. म्हणून सेंडला एमएसजी-नोसिग्नल हा फ्लॅग द्या. रिसीव्ह टाइमआउट विंडोजवर मिलिसेकंदांचा आकडा असतो, लिनक्सवर टाइमव्हॅल स्ट्रक्चर. ॲक्सेप्ट केलेला सॉकेट लिनक्सवर नॉन-ब्लॉकिंगपणा वारशाने घेत नाही, म्हणून नॉन-ब्लॉकिंगचा फ्लॅग देऊन ॲक्सेप्ट४ वापरा.

आणि डिस्क्रिप्टरचे, म्हणजे सिस्टमने उघड्या सॉकेटला दिलेल्या ओळखीचे, आकडे लगेच पुन्हा वापरले जातात. तुम्ही १७ बंद केला, त्याच फेरीत नवं कनेक्शन १७ घेऊन आलं, आणि ईपोलने आधीच दिलेल्या यादीत जुन्या १७ची घटना अजून शिल्लक आहे. अशा वेळी ती नव्याच्या गळ्यात पडते. घटनेसोबत नुसता आकडा न ठेवता कनेक्शनचा पिढी-क्रमांकही (प्रत्येक नव्या कनेक्शनला वेगळा) ठेवा, किंवा प्रत्यक्ष क्लोज यादी संपेपर्यंत लांबवा.