वर्ल्ड कप की क्लब फुटबॉल?

खेळाचा दर्जा बघायचा असेल तर क्लब फुटबॉलच बघावं, यात वाद नाही. तिथे खेळाडू वर्षभर एकत्र सराव करतात, पास डोळे मिटून दिल्यासारखे जातात. देशाच्या संघाला एकत्र यायला मोजके दिवस मिळतात आणि ते खेळात दिसतं. गटातले काही सामने तर चक्क कंटाळवाणे होतात.

तरीही रात्रीची झोप मोडून मी बघतो तो वर्ल्ड कपच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक क्लबचे ३८ सामने असतात. एक हरलं तर पुढच्या आठवड्यात भरपाई करता येते. वर्ल्ड कपच्या बाद फेरीत हरलं की थेट चार वर्षांची वाट. शिवाय क्लबला डावा बचावपटू कमी पडला तर तो विकत घेतो. देशाला आहे त्यावरच भागवावं लागतं.

२०२२ची फायनल आठवा. अर्जेंटिना २-० पुढे, ८०व्या मिनिटापर्यंत फ्रान्स जवळपास संपलेला. फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले. पुढे जादा वेळेत ३-३ झालं, आणि अगदी शेवटच्या क्षणांत फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला तेव्हा अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय लांब ताणून चेंडू अडवला. मग पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ने जिंकला. त्याच संघाला पहिल्या सामन्यात सौदी अरेबियाने २-१ हरवलं होतं, हे तोवर कुणाच्या लक्षातही नव्हतं.

युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्येही थरार असतो, नाही असं नाही. पण तिथे शेवटी बहुतेकदा श्रीमंत क्लबच उरतात.